दवंडीचं बटण

इरण्णा झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर कागदांचा गठ्ठा होता आणि सगळ्यात वरच्या कागदावरून मंजुळा माझ्याकडे बघत होती. लग्नातला फोटो होता, मुंडावळ्या बांधलेला. दहा मिनिटांपूर्वी हीच बाई वरच्या मजल्यावर माझ्यासमोर पाय पसरून मेथी निवडत होती आणि तिची पोर माझा पदर ओढत होती.

मी चष्मा सावरून फोटोखालचं वाचायला घेतलं. मला वाचायला वेळ लागतो. तेव्हा तर फारच लागायचा, कारण अक्षर माझ्याकडे बावन्नाव्या वर्षी आलं आणि त्याला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. एकेका अक्षरावर बोट ठेवत मी पुढे सरकले. हरवली आहे. वय तेवीस. सोबत दोन वर्षांची मुलगी. शोधून देणाऱ्याला योग्य बक्षीस.

इरण्णा म्हणाला, "मावशी, तुमचं वाचून होईपर्यंत ती बाई सापडेल की."

कोण आहे ही, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो सांगू लागला. सकाळी दोघं भाऊ मोटारसायकलवरून आले होते, तिचे दीर. आठ दिवस गावभर फिरतायत बिचारे. पन्नास साध्या प्रती त्यांनी तेव्हाच नेल्या, पुन्हा शंभर सांगून गेले, आणि वीस रंगीत हव्यात त्या पाच वाजता न्यायला येणार होते. सून डोक्यानं जरा कमी आहे, असंही ते म्हणाल्याचं त्यानं सांगितलं. इरण्णा मनानं वाईट नव्हता. कुणी काही सांगितलं की त्याला ते खरं वाटायचं, एवढंच.

मी माझा कागद पुढे केला. वरच्या मजल्यावर आमच्या कंपनीची पेटी पोचवल्याची पोच होती, तिच्या दोन प्रती हव्या होत्या. त्यानं आधीचं हातातलं काम संपवायला म्हणून कॉम्प्युटरवर छापायची खिडकी उघडली. खिडकीत यादी आली. त्याच्या इंटरनेटवर जी जी यंत्रं जागी असत त्यांची नावं त्या यादीत येत, हे मला ठाऊक होतं. आमच्या ऑफिसातही तसंच दिसायचं. पहिली ओळ त्याच्या प्रिंटरची. दुसरी दुसऱ्या प्रिंटरची. तिसरी ओळ मराठीत होती आणि लांब होती.

ओ-स-री. ओसरी. महिला. निवारा. केंद्र. नोंदी.

"हे काय मधेच उगवलं," इरण्णा पुटपुटला आणि नेहमीच्या सवयीनं पहिल्या ओळीवर टिचकी मारून मोकळा झाला. खिडकी मिटली. त्यानं नीट वाचलं नव्हतं. पण पाच वाजता ते दोघं याच काउंटरवर कोपरं टेकून उभे राहणार होते, इरण्णा वीस वेळा ती खिडकी उघडणार होता, आणि त्यांना वाचायला माझ्याइतका वेळ लागणार नव्हता.

मी माझ्या प्रती न घेताच जिना चढले. वर गेले, भिंतीपाशी बसले आणि पेटीची वायर उपटली.

आता हे नीट सांगते. मी तेव्हा सोलापुरात नव्या पेठेत म्हमाणे साहेबांच्या कंपनीत कामाला होते. झाडलोट, चहा, बँकेची कामं, सामान पोचवणं. आठ माणसांची कंपनी. ते 'कोठार' नावाचा प्रोग्राम बनवायचे. दवाखाने, शाळा, संस्था यांच्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस. एका काळ्या डब्यात तो भरून द्यायचे. डबा लावला की त्याच नेटवर्कवरचे सगळे कॉम्प्युटर त्यातून नोंदी काढायचे आणि त्यात नोंदी ठेवायचे. त्या डब्याची सगळ्यांना आवडणारी गोष्ट ही, की त्याला शोधावं लागत नसे. चालू झाला की तो स्वतःच नेटवर्कवर ओरडायचा, मी अमका, मी इथे आहे, माझ्याकडे हे मिळतं. दर थोड्या वेळानं पुन्हा ओरडायचा. साहेब त्याला दवंडी म्हणायचे आणि गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानानं सांगायचे, नंबर नको, पत्ता नको, पेटी लावा आणि कामाला लागा.

ओसरी ही घरातून जीव घेऊन निघालेल्या बायकांची जागा. दारावर पाटी होती ती 'शिवण वर्ग' अशी. दाराशी दोन मशिनी होत्या आणि बायका खरोखर शिवायच्या, परकर आणि उशांचे अभ्रे. सगळी गल्ली त्यांना शिवण वर्ग म्हणूनच ओळखायची. बाप्या माणसाला आत यायची बंदी होती. नळवालासुद्धा यायचा तर आधी सगळ्या जणी आतल्या खोलीत जायच्या. म्हणून पेटी लावायला साहेबांनी तस्नीमला पाठवलं आणि डबा उचलायला, सोबतीला मला. तस्नीम बागवान आमच्याकडची सगळ्यात हुशार पोरगी. मला अक्षर तिनंच शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, डब्यांच्या खोक्यांवरची नावं वाचायला लावून. त्यामुळे मी 'अ अननसाचा' नाही शिकले. माझा पहिला शब्द 'नाजूक' होता आणि दुसरा 'ही बाजू वर'.

वर इंटरनेट इरण्णाच्या दुकानातून वायर ओढून घेतलेलं होतं. दोघांत एकच. त्याचा विचार कुणी केला नव्हता.

तस्नीमनं मला वायर हातात घेतलेलं बघितलं आणि ती चिडली. अर्धी भरलेली नोंद गेली, म्हणाली. मी तिला बाजूला नेऊन सांगितलं. तिचा चेहरा उतरला. नाव लायसन्समधून येतं, मावशी, म्हणाली, संस्थेचं पूर्ण नाव, ते मला इथून बदलता येत नाही. मग ओरडणं बंद कर, मी म्हटलं. तर ते बंद करायला बटणच नव्हतं. साहेबांनी मुद्दाम ठेवलं नव्हतं.

तिनं साहेबांना फोन लावला. ती बोलत असताना मी मंजुळेजवळ गेले आणि हळूच म्हटलं, आज गॅलरीत जाऊ नकोस. तिनं पोर उचलली आणि आत गेली. निवडलेली मेथी एकीकडे, न निवडलेली एकीकडे, मधे तिची जागा तशीच राहिली.

फोनवर साहेबांचं म्हणणं असं होतं, की चार वाजता ट्रस्टची मंडळी पेटी बघायला येणार, कुंदाताई हिप्परगी त्यांना घेऊन येणार, ट्रस्टनंच पेटीचा खर्च उचललाय, तेव्हा पेटी चालू दिसलीच पाहिजे. बाकीचं उद्या बघू. ओसरी चालवणाऱ्या कुंदाताई सकाळपासून कोर्टात होत्या आणि त्यांचा फोन बंद होता. तस्नीम हो-नाही करत राहिली. शेवटी साहेब म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर मी तिथल्या कुणालाही फोनवर सांगून वायर लावून घेतो, त्यात काय आहे.

हे ऐकलं आणि मी डबा पदरात गुंडाळला. "चल," मी तस्नीमला म्हटलं. "पेटीच नसली की कुणी वायर कुठं लावणार?"

"मावशी, नोकरी जाईल."

"माझी जाईल. तू म्हण, म्हातारीनं हिसकावून नेली."

रिक्षात ती बाहेर बघत बसली. उतरताना डबा धरायला मात्र तिनं एक हात पुढे केला.

वैजनाथ म्हमाणे हा काही दुष्ट माणूस नव्हता. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. दिवाळीला सगळ्यांच्या आधी मला साडी मिळायची आणि चहा झाला की कप ते स्वतः उचलून मोरीत ठेवायचे. पण 'कोठार' त्यांनी पंधरा वर्षं एकट्यानं वाढवलं होतं, आणि त्यात कुणी हात घातलेला त्यांना सोसत नसे.

मी त्यांच्या खोलीत गेले, खुर्चीवर बसले आणि डबा मांडीवर ठेवला. मी त्या खोलीत खुर्चीवर कधी बसले नव्हते.

त्यांनी आधी तस्नीमला झापलं. मग माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "मावशी, तुम्ही चहाचं बघा. कोठाराचं आम्ही बघतो."

"आज चहा नाही," मी म्हटलं. "हा गप्प बसायला शिकला की मग चहा."

बाहेरच्या टेबलांवरची टकटक थांबली.

त्यांनी मला समजावलं. अगदी लहान मुलाला सांगावं तसं. बाहेरून फक्त नाव दिसतं. आत काय आहे ते कुणाला कळत नाही. आत जायला पासवर्ड लागतो. पेटीला कुलूप आहे. नुसत्या नावानं कुणाचं काय वाकडं होणार? आणि मग त्यांनी बटण का नाही ते सांगितलं. ते मला आधी माहीत नव्हतं. पूर्वी बटण होतं. ज्याला हवं तो नाव घाली, नको तो काढून टाकी. अक्कलकोट रोडला एकाच इमारतीत दोन डॉक्टर होते, दोघांकडे आमचीच पेटी. एकानं नाव काढून टाकलेलं. दुसऱ्याच्या माणसानं चुकून त्या बिननावाच्या पेटीत साखरेचे रिपोर्ट भरले. एका म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या रिपोर्टवर इंजेक्शन गेलं. तो दोन दिवस शुद्धीवर नव्हता.

"मी त्याच्या उशाशी बसून होतो," साहेब म्हणाले. "तेव्हाच ठरवलं. पेटीनं आपलं पूर्ण नाव सांगायचं. नेहमी. माणसाच्या हातात बटण दिलं की माणूस चूक करतो."

हे खरं होतं. मी डब्यावर हात ठेवून बसले. तस्नीम दारात उभी होती, ती माझ्याकडे बघत होती, आणि घड्याळात दीड वाजला होता.

मग मी ते सांगितलं. मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं, माझ्या पोरांनासुद्धा नाही.

आमचा धंदा सुया, बिब्बे, पोत विकायचा. आई विकायची, तिची आई विकायची. डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत शिरायचं आणि हाक द्यायची. हाक प्रत्येकीची वेगळी. शब्द तेच, 'सुया घे, पोत घे, दाभण घे गं माय', पण शेवटाला आवाज कसा वळवायचा ते आईकडून येतं. गल्लीतली बाई चुलीपुढून न उठता सांगते, आज अमकी आली. आई मला हेही शिकवायची की हाक कुठं द्यायची नाही. घरात मयत असेल तर नाही. ओली बाळंतीण असेल तर नाही. पोर सासरहून परत आलेली असेल तर त्या घरापुढून मुकाट्यानं जायचं, आणि घरातली बाई मागच्या दाराशी आली तरच पाटी उतरायची.

"मी एकोणीस वर्षांची असताना नवऱ्याच्या घरातून पळाले, साहेब. का पळाले ते विचारू नका. बार्शीला आले. एका बाईनं गोठ्याशेजारची खोली दिली. चेहरा झाकून राहायची. नाव बदललं. गाव बदललं. पण पोटाला काय? पाटी घेतली आणि हाक दिली. हाक दिल्याशिवाय सुई विकत नाही."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माझा दीर त्या दिवशी बाजाराला आला होता. मागच्या गल्लीत होता. त्यानं मला बघितलं नाही. माझं नाव कुणाला विचारलं नाही. त्यानं नुसती हाक ऐकली. संध्याकाळपर्यंत मागं मागं हिंडला आणि खोली बघून गेला. रात्री तिघं आले." मी डावा हात वर केला. कोपर माझं सरळ होत नाही. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, वयानं असेल. "दाराला कुलूप होतं, साहेब. आतून कडी, वर कुलूप. कुलूप तोडायला किती वेळ लागतो? दार कुठलं ते कळायलाच वेळ लागतो. ते मीच सांगितलं होतं, दिवसभर ओरडून."

मग पुढचं सांगितलं, की त्यांनी मला परत नवऱ्याच्या घरी नेलं. त्या घरातून दुसऱ्यांदा निघाले ती कायमची निघाले. त्यानंतर बारा वर्षं मी मुक्यानं सुया विकल्या. पाटीवर चिमट्यानं टकटक करायची. निम्मा धंदा व्हायचा. नवरा मेल्याचं कळलं त्या दिवशी पहिल्यांदा पुन्हा हाक दिली, तर आवाजच वळेना.

"तुमच्या त्या म्हाताऱ्याला हाक हवी होती," मी म्हटलं. "मला नको होती. दोन्ही खरं आहे. म्हणून तर बटण पाहिजे. आणि ते तुमच्या हातात नको. ज्याचं दार त्याच्या हातात."

साहेब खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं विरघळले. पण विरघळले वगैरे काही नव्हते. वळले आणि म्हणाले, तुमच्यावर जे झालं ते वाईट झालं, पण एका गिऱ्हाइकासाठी मी चाळीस जणांचा प्रोग्राम उघडत नाही. डबा टेबलावर ठेवा.

मी डबा टेबलावर ठेवला नाही.

"ठेवा, मावशी. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"बरं," मी म्हटलं. "उद्यापासून नाही येत. आज तर आहे ना. आज हा माझ्या मांडीवरून हलत नाही."

तेव्हा तस्नीम बोलली. चार वर्षांत साहेबांपुढे तिचा आवाज कधी निघाला नव्हता. "सर, मला तीन तास द्या. दोन ओळींची सेटिंग आहे. दवंडी द्यायची का, आणि द्यायची तर कुठल्या नावानं. आणि नाही दिलेत तर मीपण उद्यापासून येत नाही."

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू डबाच बोलायला लागला. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सेटिंगमध्ये काही लिहिलंच नाही तर? तेव्हा दवंडी चालू राहील. ते मी सोडणार नाही."

"तेव्हा गप्प," मी म्हटलं.

यावरून पुन्हा जुंपली. मी अडाणी, ते मालक, आणि मधे ती पोर दोन कागदांवर रेघोट्या मारत बसलेली. शेवटी तोड तिनंच काढली. जुन्या गिऱ्हाइकांचं आहे तसं चालू राहील. नवी पेटी पहिल्यांदा लावली की ती विचारेल, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहील. ज्याला हाक हवी त्यानं तोंडानं हो म्हणावं. डॉक्टर हो म्हणतील, ओसरी नको म्हणेल. साहेबांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की थकल्याची, ते मला कळलं नाही.

साडेचारला तिनं मला बोलावून पडद्यावरचा प्रश्न वाचायला लावला. लिहिलं होतं, 'सेवा प्रसिद्धीकरण सक्षम करावयाचे आहे काय?'

मी दोनदा वाचला. "हे कोण बोलतं गं असं? कलेक्टर?"

ती हसली, त्या दिवसात पहिल्यांदा. तिनं खोडून दुसरं लिहिलं. 'या पेटीचं नाव शेजारच्या कॉम्प्युटरना दिसू द्यायचं का? हो. नको.' ते मी एका दमात वाचलं.

डबा तिच्या टेबलावर कामात होता, माझ्या मांडीवरून उतरून. मी चप्पल घातली आणि रिक्षा करून इरण्णाच्या दुकानात गेले. काय करणार होते कुणास ठाऊक. ऑफिसात थांबवेना.

दोघं आलेलेच होते. थोरला काउंटरवर ओणवा, धाकटा मोटारसायकलवर. इरण्णानं खिडकी उघडली. यादीत दोन ओळी होत्या, दोन्ही प्रिंटरच्या. थोरला त्या पडद्याकडे बघत होता, रंग नीट येतोय का म्हणून, प्रत्येक प्रतीला. वीस वेळा. मी मोजल्या. आमच्या डोक्यावर, स्लॅबच्या पलीकडे, शिवणाच्या मशीनचा खडखडाट चालू होता.

थोरल्यानं एक प्रत माझ्या हातात दिली. तुम्ही घरोघर जात असाल, मावशी, म्हणाला, कुठं दिसली तर सांगा. अगदी गोड बोलत होता. मी प्रत डोळ्यांजवळ धरली आणि त्याच्यासमोर मोठ्यानं वाचली, एकेक अक्षर, शेवटपर्यंत. धाकट्यानं मागून हॉर्न दिला.

"रंग गोरा लिहायचं राहिलं," मी म्हटलं. "आणि घरातून का निघाली ते पण."

थोरला एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग गठ्ठा काखेत मारून गेला. इरण्णा म्हणाला, मावशी, गिऱ्हाइकाला असं बोलतात होय? मी दुपारच्या माझ्या दोन प्रती मागितल्या आणि घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी तस्नीम आणि मी पेटी पुन्हा लावली. या वेळी कुंदाताई होत्या. आदल्या दिवशी चार वाजता ट्रस्टची माणसं घेऊन त्या आल्या आणि भिंतीपाशी नुसती वायर लोंबत होती, त्यामुळे त्या माझ्यावर भयंकर रागावल्या होत्या. सगळं ऐकल्यावर माझ्यासमोर मटकन खाली बसल्या. पेटीनं प्रश्न विचारला तेव्हा बोट कुणी ठेवायचं यावर सगळ्या जणी एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी मंजुळेनं 'नको'वर बोट ठेवलं. मी खाली जाऊन इरण्णाकडून उगाच एका कागदाची प्रत काढून घेतली आणि यादी वाचली. दोन ओळी. मंजुळा त्या जागी आणखी पाच महिने राहिली आणि नर्सिंगचं शिकायला दूर गेली. कुठं, ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. ट्रस्टला काहीतरी लेखी द्यावं लागणार, म्हणाले, आमच्या माणसानं पेटी उचलून नेली आणि त्यांची फेरी फुकट गेली. तुमची नोकरी राहील. फक्त सही करा. पूर्वी असे कागद आले की ते शाईची डबी पुढे सरकवायचे. त्या दिवशी त्यांनी पेन सरकवलं.

मी वाचायला घेतलं. ते थांबले. मधे एकदा घड्याळ बघितलं, पण थांबले.

'मी श्रीमती सायव्वा लोखंडे, अपुऱ्या माहितीमुळे व गैरसमजातून चुकून यंत्र बंद केले. झाल्या चुकीबद्दल दिलगीर आहे.'

मी 'अपुऱ्या'पासून 'चुकून'पर्यंत रेघ मारली. 'दिलगीर'वर मारली. रेघ वाकडी गेली, कोपर तसं आहे. खाली जागा होती तिथं लिहायला घेतलं. पेन धरायची सवय नव्हती. लिहायला मला दहा मिनिटं लागली असतील.

'मी यंत्र मुद्दाम बंद केले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.' आणि खाली पूर्ण नाव.

साहेबांनी कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला. माझी अक्षरं मोठी मोठी आणि उतरत गेलेली होती. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही, कारण मी तेव्हा पेनाला टोपण लावत होते.

"मावशी, हा कागद असाच फाईलला लागेल. येणारा-जाणारा वाचेल."

"लावा," मी म्हटलं. "सगळ्यात वर लावा."